पट्टी अभंग आहे

खाणीत पाऊल न ठेवता खाण सांभाळता येते, हे मी साहेबांकडून शिकलो. त्यांच्यापाशी शिकण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

मेहकरपासून जरा आत, माळावर आमची काळ्या दगडाची खाण आहे. सुरुंग लावून दगड फोडायचा, पोकलेननं तो डंपरमध्ये भरायचा आणि पलीकडच्या क्रशरवर त्याची गिट्टी, म्हणजे खडी, करायची, एवढाच धंदा. मी तिथे सर्वेअर. दर आठवड्याला भिंत किती मागे सरकली, किती दगड निघाला हे मोजायचं, आणि भिंतीत कुठे भेग किंवा सुटा दगड दिसला की साहेबांना सांगायचं. साहेबांना मालकानं देखरेखीसाठी ठेवलं होतं. भिंत धड आहे की नाही, तिच्या बुडाशी माणसं पाठवायची की नाही, याबाबत शेवटचा शब्द साहेबांचा. मालक स्वतः टायरच्या दुकानातून या धंद्यात आलेला. त्याला दगडातलं काही कळत नव्हतं, आणि साहेबांना कळतं अशी त्याची ठाम समजूत होती.

ऊन जरा वर आलं की साहेब यायचे. स्कूटर वरच्या काठावर लावायचे. तिथल्या कडुनिंबाखाली त्यांची प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीच्या हाताला सुतळीनं बांधलेली छत्री आणि गळ्यात दुर्बीण. दुर्बीण नातवाची होती. दुरुस्तीला म्हणून आणलेली, ती त्या पोराला परत मिळालीच नाही. भिंत त्यांच्यासमोर, पण अख्खी खाण ओलांडून पलीकडे. तिच्याकडे दुर्बिणीतून बघायचं, सुपारीचं खांड तोंडात टाकायचं आणि खाली मला फोन लावायचा.

"डिप्लोमा, भिंत प्रसन्न आहे. करा सुरू."

मी डिप्लोमा केलेला, म्हणून मला ते डिप्लोमाच म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

भिंतीच्या प्रकृतीचे त्यांनी प्रकार पाडले होते. प्रसन्न, गंभीर आणि रुसलेली. गंभीर म्हणजे त्या दिवशी आभाळ भरून आलेलं असायचं आणि त्यांना नीट दिसत नसायचं. रुसलेली म्हणजे दुर्बीण घरी राहिलेली. बाकी बारा महिने भिंत प्रसन्न. महिन्याच्या अहवालातही ते हाच शब्द लिहीत, आणि मालक तो अहवाल टेबलाच्या काचेखाली ठेवून आल्यागेल्याला दाखवी.

कामाची प्रगती ते अंगठ्यानं मोजत. खुर्चीतून उठायचं, एक डोळा मिटायचा, हात लांब करून अंगठा भिंतीसमोर धरायचा. "दीड अंगठा सरकलो या आठवड्यात." मी खाली उन्हात टेप ओढून, यंत्र लावून, शर्ट भिजवून आकडा काढायचो. तो त्यांच्या अंगठ्याशी जुळला नाही की ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे. "टेप उन्हानं ताणते, डिप्लोमा. अंगठा ताणत नाही." पुढे मालकही अंगठ्यात बोलायला लागला. फोनवर रस्त्याच्या कंत्राटदाराला सांगायचा, "या महिन्यात चार अंगठे खोदलं न आमी." पलीकडचा माणूस काय समजत असेल ते असो.

त्यांच्या बोलण्याचंही एक सोंग होतं. गाव जळगाव जामोदकडचं, साताठ पिढ्या तिथलीच, पण बोलायचे असे की जणू कालच कुठूनतरी भाषणाला आलेत. 'काऊन' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढला तर कपाळाला आठी. पोकलेनवाल्या गजूला त्यांनी एकदा सगळ्यांसमोर थांबवून 'का बरं' असं तीनदा म्हणायला लावलं होतं. गजूनं म्हटलं. मग मशीनवर चढता चढता मला म्हणाला, "काऊन करतेत हो हे असं?"

गजू वडनेर भोलजीचा. घरची शेती भावाकडे, हा पोकलेनवर. खाणीतला सगळ्यात धोक्याचा माणूस तोच, कारण डंपरवाले भरून निघून जातात, सुरुंगवाले वात लावून पळतात, पोकलेनवाला मात्र दिवसभर भिंतीच्या बुडाशी असतो. वरून काही सुटलं तर आधी त्याच्या टपावर येणार. त्याची मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. तिचा केसांचा एक गुलाबी रबर त्यानं केबिनमधल्या दांड्याला अडकवून ठेवला होता. काम नाकारायची सोय त्याला नव्हती. फाटकाशी दुसरा ऑपरेटर कायम घुटमळत असायचा.

आमची भिंत सरळ उभी होती. खरं तर ती टप्प्याटप्प्यानं, पायऱ्या काढत खोदायला हवी. पण पायऱ्या काढायच्या तर वरची जमीन जाते, म्हणून मालकानं सरळच उतरवली होती. वर घट्ट काळा दगड, उभ्या भेगांचा. त्याच्या खाली तांबड्या मातीचा मऊ थर. पाण्यानं तो थर झिजतो आणि वरचा दगड पुढे झुकत येतो. हे कळायला डिप्लोमाही लागत नाही. मी कामावर आलो तेव्हाच उत्तरेच्या भिंतीत एक भेग पार वरपर्यंत गेलेली होती.

एकदा वरून एक धोंडा सुटून पोकलेनच्या बकेटवर आदळला. मालक घाबरला. मी ती संधी साधली आणि भेगेवर सिमेंटच्या पट्ट्या मारायला सांगितलं. साधी युक्ती आहे. भेगेच्या या काठापासून त्या काठापर्यंत सिमेंटची पातळ पट्टी ओढायची. भिंत जागची हलली, भेग केसभर जरी रुंदावली, की पट्टीला चीर पडते. पट्टी तुटली म्हणजे भिंत चालायला लागली, माणसं बाहेर काढायची. मालकाला पटलं. सगळ्यांसमोर ठरलं की पट्टी तुटली की काम बंद.

आठवड्याच्या आत पहिली पट्टी तुटली. मी फोन केला, काम थांबवलं, गजूनं मशीन बाहेर काढलं. वरून दुर्बिणीतून बराच वेळ निरीक्षण झालं. मग साहेबांनी गवंड्याला वर बोलावून घेतलं आणि फैलावर घेतलं.

"सिमेंट खाल्लंस ना? खरं सांग. असा माल मारतात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबांची सगळी हयात कालव्यांच्या अस्तरात गेली होती. कालव्याच्या सिमेंटला तडा जाणं म्हणजे बदनामी. तिथे तडा गेला की गवंडी चोर, मुकादम चोर, आणि वरचा अधिकारी आला की साहेबांची खैर नाही. तुटण्यासाठीच मारायचं सिमेंट ही गोष्ट त्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. मी समजावलं. चित्र काढून समजावलं. ते माझं बोलणं पुरतं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "म्हणजे कच्चं काम करा, असं तुम्हाला डिप्लोमाला शिकवतात."

पुढच्या पट्ट्या त्यांनी स्वतः लक्ष घालून मारून घेतल्या. म्हणजे खुर्चीतून. दुप्पट सिमेंट, आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, वर पांढरा रंग. रोज सकाळ-संध्याकाळ पाईपनं पाणी. "पट्टीले पाणी मारा" असं मुकादम ओरडला की ते वरून दुरुस्ती करत, "पट्टीला." ते पाणी पट्टीवरून भेगेत आणि भेगेतून खालच्या तांबड्या मातीत मुरत होतं. म्हणजे भिंतीची राखण करता करता आम्ही रोज तिचा पाया भिजवत होतो. मला इतका संताप यायचा की मी जेवणाच्या सुट्टीत क्रशरमागे जाऊन एकटाच शिव्या द्यायचो.

पण पट्टी तुटली नाही. पुढे कित्येक महिने तुटली नाही. साहेब मालकाला फोनवर सांगत, "पट्टी अभंग आहे." सकाळच्या सुविचारांसोबत पट्टीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर यायचा, खाली हात जोडलेली चित्रं.

पावसाळा सरता सरता तांबड्या थरातून माती गळायला लागली. बारीक खडे येत. गजू मशीन बंद करून कान देऊन ऐकायचा आणि पुन्हा चालू करायचा. मी शिडी लावून वर चढलो, तर पट्टी खरोखरच अखंड होती. फक्त एका बाजूनं तिनं दगड सोडून दिला होता. पट्टीच्या मागे भेगेत माझा पंजा जात होता. मी तिथला फोटो काढून वर नेला.

साहेबांनी मोबाईल लांब धरून, जवळ धरून पाहिला. "पट्टी तुटली आहे का?"

"साहेब, ती दगडावरून सुटलीय. भेग वाढलीय बघा किती."

"मी विचारतो ते सांगा. पट्टी तुटली आहे का?"

"नाही."

"मग तो दगडाचा दोष झाला. पट्टीचा नाही." आणि मोबाईल मला परत दिला.

मालकाकडे गेलो. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब म्हन्तेत त असंनच न. अन् आपलं ठरलं हाय, पट्टी तुटली की बंद. तुटू तर द्या." मग मीच गजूला सांगितलं की उद्या मशीन आत नेऊ नकोस. तो म्हणाला, "साहेबानं सांगितलं काय? नाई न? मंग माह्या जाग्यावर दुसरा चढन भाऊ. तो त नवाच हाय. त्याले खडे बी आयकू येनार नाई."

दुसऱ्या दिवशी कामाच्या आधी मी शिडी लावली आणि हातोड्यानं पट्टी फोडली. लपवायचं काही नाही, आजही फोडीन. पहिल्या घावानं तिला काहीच झालं नाही. माल खरोखर चोख होता. हात सुन्न होईस्तोवर ठोकली तेव्हा कुठे मधोमध तुटली. मग खाली उतरून साहेबांना फोन केला की पट्टी तुटली, काम बंद करतो.

त्या दिवशी मालक रस्त्याच्या कंत्राटदाराची माणसं घेऊन खाण दाखवायला येणार होता. हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला वाटलं की बाहेरच्या माणसांदेखत तुटलेली पट्टी कुणी लपवू शकणार नाही. इथे मी साहेबांना ओळखायला कमी पडलो.

त्यांनी फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं पाहतो तर खाणीत उतरणाऱ्या रस्त्यानं साहेब चालत येत होते. कामावर लागल्यापासून पहिल्यांदा. डोक्यावर हेल्मेट, त्यावर दुकानाचं लेबल तसंच. एका हातात थापी. मागे एक बाई डोक्यावर कालवलेल्या सिमेंटचं घमेलं घेऊन. गवंडी लग्नाला गेला होता.

"साहेब, काम बंद करायचं ठरलंय," मी म्हणालो.

"पट्टी तुटली तर बंद. आत्ता जोडतो. जोडल्यावर ती तुटलेली राहत नाही. आणि तुटलेली नसेल तर बंद कशासाठी?"

त्यांना शिडीची भीती वाटत होती, हे त्यांनी शिडीकडे एकदा बघून नजर फिरवली त्यावरून कळलं. त्यांनी गजूला हाक मारली. मशीन आण, बकेट खाली टेकव, मी बकेटमध्ये उभा राहतो, मला वर ने. मी गजूच्या केबिनच्या दाराला धरून त्याला जाऊ नको म्हणून सांगत होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोडा भाऊ. साहेबाचा हुकूम हाय." पट्टी मी फोडली होती ती याला बाहेर ठेवायला, आणि तीच आता त्याला आत नेत होती.

साहेब घमेलं घेऊन बकेटमध्ये उभे राहिले. गजूनं त्यांना हळूहळू पट्टीपर्यंत वर नेलं. इतक्या जवळून ती भिंत ते पहिल्यांदाच बघत होते, पण भिंतीकडे त्यांनी पाहिलंच नाही. जुनी पट्टी खरवडली, पाणी मारलं आणि थापीनं सिमेंट भरायला लागले. मी खालून ओरडत होतो. ते म्हणाले, "डिप्लोमा, गोंगाट करू नका, माल सुकतो आहे." हात मात्र सफाईदार चालत होता, ते कबूल केलं पाहिजे.

आधी खडे आले. मग माती. मग एक कलिंगडाएवढा धोंडा केबिनच्या टपावर आदळून उडाला. साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. वर काय दिसलं त्यांना ठाऊक, पण सगळी भाषणाची भाषा तिथेच गळून पडली.

"गजू, मले काढ बे! काढ मले! अबे मेलो!"

गजूला उडी मारून पळता आलं असतं. केबिनचं दार भिंतीच्या उलट्या बाजूला होतं. तो पळाला नाही. त्यानं बकेट तशीच साहेबांसकट भर्रकन फिरवली आणि मशीन मागे घ्यायला सुरुवात केली. पोकलेनची मागे जायची चाल म्हणजे म्हातारी बैलजोडी. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. मशीन निम्म्या खाणीपर्यंत आलं असेल, आणि भिंत आली. आवाज आधी पायांत आला, मग कानात. नंतर धुळीनं काहीच दिसेना.

धूळ बसली तेव्हा गजू केबिनमध्ये दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरून बसला होता. मी त्याची बोटं सोडवली. साहेब बकेटमध्ये बसलेले, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे, हातात थापी. भिंतीच्या जागी नुसता ढीग होता आणि शिडी त्याच्याखाली कुठेतरी गेली होती. साहेबांनी ढिगाकडे पाहिलं, खाकरले, आणि पुन्हा शुद्ध भाषेत म्हणाले, "मुळात दगडच कमी दर्जाचा."

तेवढ्यात मालकाची गाडी उतरली. मालक, कंत्राटदाराची माणसं, सगळे धावत आले. काय झालं, कसं झालं. साहेब बकेटमधून उतरले. कपडे झटकले. आणि मी ऐकत असताना म्हणाले, "पट्टी तुटल्याचं कळलं, तसा मी स्वतः खाली आलो. मशीन बाहेर काढायला लावलं. नाहीतर आज हा पोरगा गेला होता."

यात एक शब्द धड खोटा नाही, हे त्यातलं सगळ्यात नीच. मी तोंड उघडणार होतो, पण मालकानं साहेबांना मिठी मारलेली होती आणि कंत्राटदाराची माणसं मोबाईलवर त्यांचे फोटो काढत होती. गजू नळावर जाऊन तोंड धूत होता.

त्यानंतर साहेबांना स्वतःच्या शौर्याची बाधा झाली. रोज सकाळी खाली यायला लागले. का, तर पट्टी बघून धावणारा माणूस अशी आता त्यांची ख्याती, आणि ती टिकवायची तर पट्टी जवळून बघणं आलं. हातात पहार घेऊन भिंतीच्या बुडाशी ठोकत फिरायचे. पट्ट्या आता पातळ मारून घ्यायचे, कारण अभंग पट्टीवर कुणी शूर होत नाही. एखादीला जरा चीर दिसली की लग्नघरात वरात आल्यासारखे हात वर करून ओरडायचे, "तुटली! बाहेर! सगळे बाहेर!" भेग असो नसो, खाण तासभर बंद. मालक कुरकुरायचा, पण ज्याचा अहवाल काचेखाली आणि फोटो ऑफिसच्या भिंतीवर, त्याला बोलणार काय? त्यांनीच मालकाकडून पायऱ्याही काढून घेतल्या. जे मी दोन वर्षं घसा फोडून सांगत होतो, ते यांनी एका वाक्यात करवून घेतलं आणि वर मला म्हणाले, "डिप्लोमात टप्प्यांबद्दल काही शिकवत नाहीत वाटतं." मला ते तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

सुरक्षा सप्ताहाच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठेवला. क्रशरपुढे मांडव, खाणीतली सगळी माणसं सतरंजीवर, साहेब खुर्चीत. निवेदकानं त्या दिवसाची हकीकत सांगितली. त्याच्या सांगण्यात भिंत साहेबांच्या डोळ्यांदेखत झुकली होती, साहेबांनी गजूला हाताला धरून ओढलं होतं. साहेब खाली मान घालून नम्रपणे ऐकत होते. शाल आली. माझं डोकं फिरलं. मी शेजारी बसलेल्या गजूला म्हणालो, "उठतो मी. सांगतो सगळ्यांना. पट्टी कुणी फोडली, बकेटमध्ये कोण ओरडत होतं, कुणी कुणाला काढलं."

गजूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा भाऊ."

"अरे, तुझा जीव घ्यायला निघाला होता तो माणूस. तू वाचवलंस त्याला. तुला काहीच वाटत नाही?"

"वाट्टे न. राग त लय येते. गावात बायको इचारते, ते साहेब कोन हो, ज्यानं तुमाले वाचवलं? मी म्हनतो हाव, हाय एक." "पन भाऊ, तो आता रोज खाली येते. माह्या आंधी येते. पहार घेऊन सारी भित ठोकते, मंग मले आत सोडते. तुमी खरं सांगान अन् लोक हासतीन त्याले. उद्यापासून तो खाली पाय ठेवनार नाई. मंग माह्या डोक्यावरचं कोन पाहीन? तुमचं कोनी आयकते काय?"

माझं कोणी ऐकत नव्हतं, हे दोन वर्षं मी पाहतच होतो.

स्टेजवर नारळ दिला जात होता. साहेब उभे राहिले, शाल सावरली आणि आमच्याकडे बघायला लागले. सगळे थांबले होते, कुणीतरी सुरुवात करण्याची वाट बघत.

"वाजवा न," गजू म्हणाला.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांपेक्षा जोरात.